नळी बंद असताना

शर्लीला घेऊन तिचे आईवडील चंदनसारच्या दवाखान्यात आले ते भर दुपारी. तपासणीच्या वेळी झोप लागावी म्हणून पोरीला सकाळपासून जागं ठेवलेलं, त्यामुळे ती किरकिरत होती. फेलिशिया शाळेत शिकवायची, आग्नेलची होळी गावात भाजीची वाडी होती. पोर अडीच वर्षांची झाली, तरी तोंडातून अजून एक शब्द नाही.

“पाठीमागे ताट आपटलं तरी वळत नाय, मॅडम,” फेलिशिया म्हणाली. “पण घरात सामसूम झाली ना, की मान तिरकी करून बसते. कोणतरी काय सांगतंय अशी.”

“पोरं बसतात तशी,” आग्नेल पुटपुटला.

दवाखान्यातली क्षितिजा सावे गेली कित्येक वर्षं लहान मुलांचे कान तपासायचं काम करत होती. औषध पाजून शर्लीला झोपवल्यावर तिनं पोरीच्या कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या, कानात रबरी नळीचं बोंड बसवलं. नळीतून टकटक आवाज जातो. तो मेंदूपर्यंत पोचला तर पडद्यावर लाटा उमटतात. मुलानं काही सांगायची गरजच नसते.

आवाज वाढवत वाढवत तिनं शेवटापर्यंत नेला. दोन्ही कानांना रेघ सपाट.

यंत्राची खातरजमा म्हणून तिनं नेहमीप्रमाणे नळी चिमटीत दाबली. आवाज आत जायचा बंद झाला.

पडद्यावर लाटा उमटल्या. एकामागून एक, पाठ्यपुस्तकात छापतात तशा स्वच्छ.

तिनं नळी सोडली. सपाट. दाबली. पुन्हा लाटा.

तारा बदलल्या, दिवे आणि एसी बंद केले, तरी तेच. मग त्याच तारा आणि नळी स्वतःला लावून पाहिली. नळी उघडी असताना लाटा, दाबल्यावर सपाट. यंत्रात काही दोष नव्हता.

तिला खरं खटकलं ते वेगळंच. संगणक हजारो टकटकींची सरासरी काढतो. बाहेरचा भलतासलता आवाज त्यात पुसला जातो. लाटा उरायच्या, तर शर्लीला जे ऐकू येत होतं ते यंत्राच्या प्रत्येक ठोक्याला ठोका जुळवून यायला हवं. आणि नळी उघडली की ते गप्प व्हायला हवं.

त्या बंद खोलीत झोपलेल्या पोरीच्या श्वासाखेरीज कसलाही आवाज नव्हता. क्षितिजानं दार किलकिलं करून ठेवलं.

“मग ऐकू येतं की नाय?” बाहेर आग्नेलनं विचारलं. “कानाच्या आत तार बसवायला डोक्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात. उगीच नको ना कापायला पोरीला.”

“आपला आवाज तिला ऐकू येत नाही,” क्षितिजा म्हणाली. “ऑपरेशन करा.”

नळी दाबल्यावरच्या लाटांबद्दल ती कुणाशीच बोलली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. आतल्या तारेला आवाज पोचवणारं कानामागचं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी फेलिशियानं हाक मारली, तशी शर्ली दचकून रडली, आणि आग्नेल तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. पुढं बोलणं शिकायला शर्ली क्षितिजाकडेच येऊ लागली. आई, पाव, दे, नको. सुटे सुटे, बोबडे शब्द. महिन्यामागून महिने गेले, आणि क्षितिजाच्या मनातली ती दुपार मागं पडली.

एकदा शिकवताना यंत्राची बॅटरी संपली. नवी घालायला क्षितिजानं यंत्र काढून हातात घेतलं. आता यंत्राशिवाय शर्लीला काहीही ऐकू येणं शक्य नव्हतं. फेलिशिया शेजारीच बसली होती, आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

शर्लीनं मान तिरकी केली. क्षितिजाच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत तिनं थोडं ऐकून घेतलं. मग क्षितिजाकडे बोट करून घरातल्या मोठ्या माणसासारख्या, स्वच्छ, दबक्या आवाजात म्हणाली,

“थांब. तिला अजून आयकू येत नाय.”