तीन तारांची मोटर आणि चंदनाचा नंबर

चंदनाने दुकानाचं शटर वर केलं न केलं, तोच फोन वाजला. "मॅडम, पोशेऱ्याच्या गोरखचं पार्सल आहे, ओटीपी सांगा." कोण गोरख, कसलं पार्सल... मोखाड्याच्या स्टँडसमोर झेरॉक्स काढणाऱ्या मुलीला सकाळी सकाळी हाच उद्योग उरला होता. ती नाही-नाही म्हणेस्तोवर पार्सलवाल्याने दारात येऊन खोकं काउंटरवर ठेवलं आणि तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपी वदवून घेऊन गेलासुद्धा.

दुपारी जीपमधून एक उंच, अर्धा भिजलेला तरुण उतरला. पोशेऱ्याच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारा, तोच हा गोरख.

"आमच्याकडे रेंज नाय," तो म्हणाला. "तुमच्या पाटीवर नंबर होता... म्हणून दिला."

"पाटीवरचा नंबर झेरॉक्ससाठी असतो."

"मग काढा एक झेरॉक्स." त्याने आधार कार्ड पुढे केलं आणि हसला. हसला तोही असा, की तिचं भांडायचं राहूनच गेलं. त्याचाच तिला जास्त राग आला.

खोक्यात चिमुकली मोटर होती. रिमोटवर चालणारी एक वीतभर गाडी होती त्याच्याकडे, तिची जुनी मोटर काढून ब्रशलेस, म्हणजे जास्त जोराची, बसवायची होती—आणि तीही कमी खर्चात. या 'कमी खर्चात'ने चंदनाचा अख्खा श्रावण खाल्ला. स्वस्त पडते म्हणून नुसती मोटर मागवली, तर तिला निघाल्या तीन तारा, आणि गाडीतल्या, मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरला दोनच. नवा कंट्रोलर मागवला. मग मोटरचा दांडा जाड निघाला, जुनं दातेरी चाक त्यावर बसेना. तेही आलं, तर नव्या मोटरच्या जोराने आतल्या प्लास्टिकच्या चाकांचे दाते झडले. दर वेळी फोन चंदनाला, आणि दर वेळी हा दारात.

"सगळं एकदम का नाही हो मागवत?"

"एकदम मागवलं तर... एकदाच यावं लागेल ना."

एवढं बोलायचा आणि मान खाली घालून स्क्रू शोधत बसायचा. आता पुढचं बोलेल म्हणून ही वाट बघायची, तर तोंडातून निघायची मोटर. पोशेऱ्यात लाईट नसली की तारा जोडायचं सोल्डरिंगसुद्धा तिच्याच काउंटरवर. "ही तार जरा धरता?" ती धरायची. बोटांना बोटं लागायची... मग दोघंही त्या तारेकडेच बघत राहायची. अशा माणसाच्या प्रेमात पडायची तिला काही गरज नव्हती, पण ती पडली होती.

आणि अशातच तिला जव्हारच्या एका पतसंस्थेत नोकरी लागली. पुढचं पार्सल न्यायला आला की तो काही बोलला तर ठीक, नाही तर जव्हारला जायचं आणि त्याला विसरून जायचं, असं तिने ठरवून टाकलं.

"सोमवारपासून मी इथे नाही," तो काउंटरवर गाडी खोलून बसला तेव्हा ती म्हणाली. "दुकान भाऊ बघेल."

गोरखचा हात थांबला.

"मग... पार्सलचं कसं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पार्सल पाठवणाऱ्या कंपनीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्यासमोर आपटला. "माझा नंबर काढा तुमच्या खात्यातून. आत्ता."

पलीकडून गोड आवाज आला. नाव, पत्ता विचारून झाला. "सर, जुना नंबर बंद होतोय का?"

"नाय."

"मग तो कोणाचा आहे, सर?"

गोरखने चंदनाकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला.

"मला जिच्याशी लग्न करायचंय, तिचा," तो फोनला म्हणाला. "तिला अजून विचारलं नाय... तुम्ही नंबर काढू नका."

पलीकडचा आवाज तितकाच गोड. "ठीक आहे, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

चंदनाने फोन ओढून बंद केला.

"एवढे दिवस मी समोर बसलेय, आणि सांगितलंत कोणाला? त्या बाईला?"

"तुमच्याकडे बघितलं की... जमत नाय."

"मग नका बघू. तिकडे तोंड करा आणि विचारा."

तो खरंच वळला. बाहेर भुरभुर पावसात पोशेऱ्याची जीप उभी होती, तिच्याकडे बघत त्याने घसा साफ केला.

"चंदना... करशील माझ्याशी लग्न?"

"करीन," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "आता तरी वळा इकडे."