पाणी शेपटीकडून

सुधाकरमामांची चहाची टपरी किलवणी सोडल्यावर रांध्याच्या वाटेवर लागते. शनिवारी संध्याकाळी सायकलवाली पोरं तिथे थांबतात आणि मामांना त्यांना लवकर सोडायचं नसतं. चहाला पाच मिनिटं, गप्पांना तासभर. त्या दिवशी अंधार पडला, त्यात लाइट गेली. मामांनी शेगडी बारीक केली आणि कोणी विचारलं नसताना सुरुवात केली, की ही ऐकीव गोष्ट नाही, जिच्या बाबतीत घडली ती पोरगी याच बाकावर बसायची.

"मामा, भूत असेल तर ते पटकन आणा," कावेरी म्हणाली. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि म्हाताऱ्या माणसांची लांबण तिला सहन होत नसे.

"आधी पाणी येतं," मामा म्हणाले. "मग बाकीचं."

तर ती पोरगी शर्वरी. नाशिकची. सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागलेली. कामगारांना ओळीनं बसवून शिकवायची, आग लागली तर काय करायचं, माणूस पडला तर काय करायचं. त्याच कारखान्याचे मॅनेजर प्रकाशसर. पन्नाशीचे, पोट सपाट, बोलणं लांब. त्यांनी हौशी सायकलवाल्यांचा एक ग्रुप जमवला होता. कामावरून सुटलं की शनिवारी किलवणी, रांधा, कधी पार सुरंगीपर्यंत. भातखाचरं, ताडाची झाडं, मध्येच एखादी फॅक्टरी, परत खाचरं. शर्वरीला ते फार आवडायचं. फक्त सरांचे नियम आवडायचे नाहीत.

सरांना नियमांचं वेडच. सगळ्यांनी एका रांगेत चालवायचं. पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं "डावीकडे खड्डा" म्हणायचं, मागच्यानं तेच त्याच्या मागच्याला सांगायचं, असं शेवटपर्यंत. आणि थांबलं की पाणी शेपटीकडून. म्हणजे रांगेत सगळ्यांत मागे असेल त्यानं आधी प्यायचं, मग बाटली पुढच्याच्या खांद्यावर टेकवायची. त्यानं ती घ्यायची, प्यायची, पुढे द्यायची. उतरायचं नाही, मागे वळायचं नाही, एक पाय जमिनीवर. सर सगळ्यांत पुढे, म्हणून सगळ्यांत शेवटी पिणार. हा आपला त्याग ते दर शनिवारी न चुकता बोलून दाखवायचे.

शर्वरी नवी, म्हणून शेपूट तिच्याकडे. तिच्यापुढे स्टोअरमधला संजू, त्याच्यापुढे आणखी दोघं.

गेल्या डिसेंबरातला पहिला शनिवार. दिवस मावळला होता. टपरीच्या अलीकडे एक मोरी आहे, तिथे रस्त्याच्या कडेला एक माणूस आडवा पडला होता.

आता शनिवारी आडवा माणूस दिसला म्हणून सिल्वासात कोणी दचकत नाही. सीमेपलीकडे गुजरातेत दारूबंदी, अलीकडे दुकानं उघडी. लोक येतात, पितात, पडतात, शुद्ध आली की उठून जातात. त्यांना वळसा घालून जायचं इथल्या शाळकरी पोरांनाही कळतं.

"डावीकडे दारुडा," सर पुढून म्हणाले. खड्ड्यासारखंच. पुढच्यानं मागे सांगितलं, त्यानं संजूला, संजूनं शर्वरीला. शर्वरीच्या मागे कोणी नव्हतं. तिनं कोणाला सांगायचं? तिचा वेग कमी झाला. मग ती थांबलीच.

माणसाचा गाल उलटीत होता. त्या उलटीवर माश्या. एक माशी ओठाच्या कोपऱ्यात शिरत होती आणि त्याला ती हाकलता येत नव्हती. डोळे मात्र उघडे होते. ते शर्वरीकडे नव्हते, तिच्या हातातल्या बाटलीकडे होते.

"पानी..."

बाटली पिवळी होती, चोखून प्यायची. सुरक्षा सप्ताहात कारखान्यानं वाटलेली. वर 'सुरक्षा प्रथम' छापलेलं, खाली मार्करनं तिचं नाव. तिनं वाकून ती पुढे केली. खरंच केली. मामा हे दोनदा सांगतात. पण त्याची बोटं बाटलीच्या तोंडाभोवती वळली, आणि ती बोटं चिकट होती. त्यांना भाताची शितं लागलेली होती, अर्धवट चावलेली. तिनं हिसका देऊन बाटली ओढून घेतली.

पुढून सरांची घंटा वाजली. "शर्वरी, रांग तुटतेय."

ती निघाली. पुढच्या वळणावर तिनं बाटली झुडपात भिरकावली. दहा वेळा घासली असती तरी तिला ती तोंडाला लावता आली नसती. रात्री अंघोळ करताना तिच्या एकदम लक्षात आलं, की त्या माणसाला घाण वास येत होता, पण दारूचा येत नव्हता. आणि डोक्याला मार लागला की उलटी होते, हे तीच वर्गात शिकवायची.

सोमवारी कारखान्यात कळलं. माणूस त्यांचाच निघाला. झिपरू, खानदेशातला, कंत्राटावरचा. तिच्या वर्गात दुसऱ्या रांगेत बसलेला. शिफ्ट सुटून चालत खोलीवर जाताना टेम्पोनं उडवला. टेम्पो पळाला, झिपरू रात्रीतच गेला. कंत्राटदारानं लिहून दिलं, दारू पिऊन रस्त्यात पडला होता. त्याची बायको सरुबाई गेटवर येऊन उभी राहायला लागली. पैसे मागत नव्हती, भांडत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायची.

"माह्या मान्साले कोनी पाह्यलं का? तो पेत नव्हता. कोनी पाह्यलं असन तं सांगा ना."

एक माणूस हवा होता तिला. त्याला शुद्धीवर पाहिलेला, तो प्यायलेला नव्हता असं चौकीत सांगणारा एक माणूस.

शर्वरी सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी तिला बसवलं, चहा मागवला, आणि समजावलं, की आपण पाच जणांनी पाहिलं हे खरं, पण तू गेलीस तर पहिला प्रश्न काय येईल? सेफ्टी ऑफिसर असून थांबली का नाहीस? मग नोकरी गेली, नाव गेलं. शिवाय माणूस काही परत येत नाही.

"मी तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, बेटा."

या वाक्यानं आजवर किती पोरींची तोंडं बंद झाली असतील, देव जाणे. शर्वरीचंही झालं. दोन आठवडे ती गेटवरून मान खाली घालून गेली. तिला सरांची शिसारी यायची. मग स्वतःची. पण शनिवारी सायकल घेऊन परत त्यांच्याच रांगेत.

वीस डिसेंबर. शनिवार. अमावस्या सकाळी संपली होती म्हणे, पण आभाळाला कोण कॅलेंडर दाखवतं? काळंकुट्ट होतं. सात वाजून गेलेले. थंडी. खाचरांतून कुजक्या पेंढ्याचा वास येत होता.

मोरीपाशी आले आणि सरांची चेन पडली.

रांग थांबली. सर खाली बसून चेनशी खटपट करायला लागले. बाकी सगळे सायकलवर, एक पाय जमिनीवर, तोंडं पुढे. कोणी त्या कडेकडे बघत नव्हतं.

"पाणी," सर म्हणाले.

शर्वरीच्या खांद्याला बाटली टेकली.

दर शनिवारी पुढच्यांचं बघून अंगवळणी पडलेलं. तिनं घेतली, चोखली, एक घोट गिळला आणि बाटली संजूच्या खांद्यावर टेकवली.

पाणी कोमट होतं. तोंडातलं असावं तसं कोमट. जाडसर. ओठापासून काहीतरी लांबलं आणि हनुवटीवर गार पडलं. जिभेवर एक शीत राहिलं.

मग तिला कळलं.

शेपटीला ती होती.

तिच्या मागे कोणी नव्हतं.

तिला ओरडायचं होतं. तोवर संजूनं बाटली तोंडाला लावली. संजू प्यायला. "ई, कसला वास..." म्हणाला, पण बाटली पुढे गेली. त्याच्या पुढचा प्यायला. त्याच्या पुढचा. नियम म्हणजे नियम. सरांपर्यंत पोचली. सर कोणाचं उष्टं खात नसत, साधी बाटली असली की वरून प्यायचे. ही बाटली वरून पिता येत नव्हती. त्यांनी चांगले दोन घोट चोखले.

मग त्यांच्या हेल्मेटवरच्या दिव्याचा उजेड बाटलीवर पडला.

पिवळी. 'सुरक्षा प्रथम'. खाली नाव.

"शर्वरी, ही तुझी ना?"

"ती मी... फेकली होती."

"मग आता कोणी..."

संजूनं तळहातानं ओठ पुसले.

सरांच्या पोटातून आवाज आला. ते वाकले. ओकले. परत ओकले. चेनच्या तेलाचे हात जमिनीवर टेकले, हात घसरले, आणि ते डाव्या कडेला आडवे झाले. गाल खाली. त्याच जागी. एक गाडी आली. हळू झाली. काच खाली झाली. आतून कोणीतरी हसलं. काच वर झाली. गाडी गेली.

अंधार.

आणि मागून... शर्वरीच्या अगदी मागून... सपाट आवाजात, खड्डा सांगतात तसं...

"डावीकडे दारुडा."

मामा इथे थांबतात. शेगडीचा तेवढा आवाज. कावेरीनं चहाचा ग्लास खाली ठेवला होता, तो परत उचलला नाही.

"ते सगळे कसेबसे याच टपरीवर आले," मामा पुढे म्हणाले. "सर बाकावर पडून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, मामाच्या समोशानं बाधलं. माझ्या समोशावर घातलं त्यांनी."

शर्वरीनं मात्र सकाळची वाट पाहिली आणि सरुबाईची खोली शोधत गेली. संजूही गेला बरोबर. उंबऱ्यात उभं राहून शर्वरीनं सगळं सांगितलं, की मी पाहिलं, तो प्यायलेला नव्हता, शुद्धीवर होता, मी आत्ता चौकीत येऊन तसं लिहून देते. सरुबाई ऐकत राहिली. तिच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं.

"बोलला का काही?" तिनं विचारलं.

"पाणी मागितलं."

सरुबाईनं मान हलवली. मग विचारलं, "देलं का मंग?"

शर्वरी उंबऱ्याकडे बघत राहिली. सरुबाईनं परत विचारलं नाही. तिघं चौकीत गेली, जबाब लिहिला गेला, कंत्राटदाराला आपला शब्द मागे घ्यावा लागला. ग्रुप मोडला. सरांनी सायकल विकली. शर्वरी अजून सिल्वासातच आहे, नोकरीवर आहे, पण ती कोणाच्या हातून पाणी घेत नाही. तिनं ती बाटली मामांकडे आणून दिली. एकदा फेकली होती, म्हणाली, परत नाही फेकवत.

"झालं?" कावेरी म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा चढा आला नाही. "म्हणजे रस्त्यात माणूस मेला ते पाच जणांना चाललं, आणि घाबरायचं आम्ही भुताला."

"मी कुठे म्हटलं घाबरा?" मामांनी मागच्या फळीवरून काहीतरी उतरवलं. "मी सोडा घालून उकळत्या पाण्यात धुतली हिला. तेव्हापासून कोरडी, पालथी ठेवलीय. भरत नाही कोणी. पीत नाही कोणी. घे, बघ."

पिवळी बाटली. नाव पुसट झालेलं. कावेरीनं ती जरा रागातच हिसकावून घेतली, तोंडाकडून.

तेवढ्यात लाइट आली.

बाटलीचं तोंड ओलं होतं. कावेरीनं दचकून बोट काढून घेतलं, तशी तोंडापासून बोटापर्यंत एक बारीक, चिकट तार लांबली. तिनं हात आणखी मागे घेतला. तार लांबत गेली, आणि तुटली नाही.