अंबूबाईचा परवाना

मी वडगावला मामलेदार कचेरीत कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट. साल चौतीस. हत्यारांच्या परवान्याचे अर्ज माझ्याकडे यायचे. मावळात बंदूक मागायचं कारण बहुधा एकच, रानडुकरं. आंबेमोहर दाण्यावर आला की कळप शिरतो आणि उभं शेत लोळवून जातो. अर्ज आला की गावी जायचं, शेत बघायचं, जबाब घ्यायचे, शिफारस लिहायची. मला ते काम फार आवडे. कचेरीतल्या धुळीपेक्षा बांधावरचं दव बरं.

त्या आश्विनात एका बाईचा अर्ज आला. अंबूबाई, राहणार करंजवाडी, नाणे मावळ. नवरा हौशीराम दोन वर्षांपूर्वी वारलेला. त्याची ठासणीची बंदूक तेव्हापासून वडगावच्या ठाण्यात जमा होती. ती आपल्या नावे मिळावी, एवढंच मागणं. पण अर्जासोबत गावच्या पोलीस पाटलाचाही कागद होता. बाईच्या शेतातून रोज दिवेलागणीला बंदुकीचा बार ऐकू येतो, तिच्यापाशी चोरटं हत्यार असावं, असं त्यात लिहिलं होतं.

हे खरं निघालं तर परवाना दूरच, बाई तुरुंगात जाणार होती.

मी आधी ठाण्यात जाऊन बंदूक पाहिली. कुलपातच होती. नळीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलेलं. मग आगगाडीने कामशेत गाठलं आणि तिथून बैलगाडीने करंजवाडी. वाटेत दोन्ही अंगांना भात पिवळं होत आलेलं, सगळ्या रानाला नव्या तांदळाचा गोड वास. मन कसं प्रसन्न होतं.

पोलीस पाटील दत्तोबा वेशीवरच उभा होता. मनाने सरळ माणूस, पण घाबरलेला.

"भाऊसाहेब, बाई वाईट न्हाई," तो म्हणाला. "पर आवाज आख्खी वाडी ऐकती. म्या कळवलं न्हाई तर उद्या माज्याच गळ्याला फास."

अंबूबाई पन्नाशीची, उंच, हसतमुख. तिने गुळाचा चहा दिला आणि विचारायच्या आधीच म्हणाली, "बार व्हतो, भाऊसाहेब. खोटं कशाला बोलू? पर बंदूक न्हाई माज्याकडं. तुमीच येऊन बगा शेतातल्या माळ्यावर."

घराची झडती घेतली, गंजीची घेतली. काही सापडलं नाही. ऊन कलताना आम्ही शेतावर गेलो. भात छातीइतकं उभं, एक काडी मोडलेली नाही. मी मनात म्हटलं, बार होत असेल तर उपयोग मात्र होतोय. मधोमध चार खांबांवर राखणीचा माळा होता. मी वर चढून पेंढा उपसून पाहिला, फळ्यांखाली हात घातला. रिकामं. दत्तोबाला खाली खांबापाशी उभं केलं आणि मी अंबूबाईच्या समोर बसलो. तिचे दोन्ही हात मांडीवर, माझ्या नजरेसमोर.

सूर्य डोंगराआड गेला. ओढ्याकडून धुकं भातावर सरकू लागलं. कीटकांची किरकिर चालू होती, ती अचानक थांबली. वारा पडलेला, तरी पलीकडच्या बांधाजवळ भाताचा एक पट्टा सळसळला... थांबला... पुन्हा सळसळला, थोडा अलीकडे.

"डुकरं?" मी कुजबुजलो.

अंबूबाई माझ्या डावीकडच्या रिकाम्या फळीकडे बघत होती.

माझ्या डाव्या हाताची फळी दबली, कुणी गुडघा टेकावा तशी. लोखंडाचा गज नळीत सरकतो तो खर्र आवाज अगदी कानाशी आला. आणि बार झाला. माळा हादरला, माझे कान बधिर झाले, जळक्या दारूचा वास नाकात भरला. तिथे कुणीच नव्हतं. अंबूबाईचे हात मांडीवरच होते.

भात निश्चल झालं. किरकिर पुन्हा सुरू झाली.

खालून दत्तोबाचा आवाज आला, "भाऊसाहेब... तुमी हाय ना?"

मी त्या रिकाम्या फळीवरून हात फिरवला. अंबूबाई शांतपणे बोलली. "मालक माळ्यावरच गेले. तापात व्हते, तरी संध्याकाळी चढले. उतरायचं ऱ्हाऊनच गेलं. दोन वर्सं झाली, रोज राखण करत्यात. मेलेल्या मानसाला किती राबवायचं, भाऊसाहेब? बंदूक माज्या हाती आली की त्ये सुटतील."

मला भीती वाटली होती, खोटं सांगत नाही. पण तिचं ते बोलणं ऐकून भीतीपेक्षा गलबललंच जास्त. मी अहवालात लिहिलं, 'बेकायदा हत्यार मिळून आले नाही. अर्जदार सचोटीची आहे. परवाना द्यावा.' दत्तोबाने खाली सही केली.

मंजुरी यायला वर्ष लागलं. पुढच्या भाताला अंबूबाई बंदूक घेऊन माळ्यावर चढली, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. तिने सराईतासारखी दारू ठासली आणि दिवेलागणीला बार काढला. दुसरा बार झाला नाही. मग माळ्याची शिडी करकरली. एकेक पायरी, जड पावलं टाकत कुणी उतरावं तशी.

"जावा आता," ती हळूच म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळलेला. त्या रात्री तिने मला पिठलं-भाकरी वाढली आणि मी तिच्या ओटीवर गाढ झोपलो. नोकरीत एवढं समाधान मला क्वचितच लाभलं असेल.

डिसेंबरात परवाना नवा करून घ्यायला ती कचेरीत आली. बरोबर नव्या भाताचे पोहे. मी हसत कागद भरू लागलो. "कारण, डुकरांचा उपद्रव. यंदा किती मारली?"

"डुकरं कुटली, भाऊसाहेब? आमच्या रानात डुकरं येतच न्हाईत. मालकांनी बी चौदा वर्सांत एक मारलं न्हाई."

माझा टाक थांबला. "मग ते बार कशावर काढायचे?"

"मला कदी बोलले न्हाईत. आता म्या बगते." तिने आवाज उतरवला. "दिवेलागणीला बांधावर येऊन बसतंय... बार काडला की उटून जातंय. आधी पल्याडच्या बांधावर बसायचं. आता अल्याडच्या."

"काय बसतं?"

तिने पोह्यांची पुरचुंडी माझ्यापुढे सरकवली. मग पदर नीट केला. "तुमी डुकरंच लिवा. मालक बी त्येच सांगायचे. जाते, दिवस बुडायच्या आत पोचाया हवं."

मी डुकरंच लिहिलं. ती गेल्यावर मात्र राहवेना, म्हणून जुन्या नोंदवह्या काढल्या. हौशीरामची चौदा वर्षं, कारण डुकरं. त्याआधी त्याच शेतासाठी त्याच्या बापाची एकवीस वर्षं, कारण डुकरं.

करंजवाडीत उंबरे एकतीस. सगळ्यांचं भात त्याच ओढ्याकाठी. पण त्या पस्तीस वर्षांत दुसऱ्या एकानेही डुकरांची तक्रार केलेली नव्हती.