आतली वाट

सोमवारी सकाळी, चहाच्याही आधी, कावेरीने घरातल्या सगळ्यांच्या मनगटांवर गंधपट्ट्या चिकटवल्या. पट्टी बोटभर लांबीची, कातडीच्या रंगाची. श्रीधरपंतांनी डाव्या हातातले घड्याळ काढून उजव्या हातात घातले आणि डावा हात सुनेपुढे केला.

“रविवारपर्यंत काढायची नाही हं, बाबा. आंघोळ केली तरी चालते.”

“आणि चिडायचं नाही,” आठ वर्षांच्या शाल्मलीने दम दिला. “आजीवर पण नाही.”

“ते कुठले चिडतायत,” वसुधाबाई पोहे परतता परतता म्हणाल्या. “ते नुसते गप्प बसतात. त्याचाही वास येत असला तर मात्र कठीण आहे.”

बोरमाळ सफारी उद्यान सोलापूरपासून दीड तासावर होते. मैलोगणती माळरान, त्यावर काळवीट, खोकड आणि लांडगे मोकळे, आणि माणसे आपापल्या गाड्यांत बंद. उद्यानात दोन वाटा होत्या. बाहेरची वाट कुंपणाच्या कडेने जाई. तिथून लांडगा म्हणजे दुर्बिणीतला एक ठिपका. आतली वाट थेट लांडग्यांच्या घळीशेजारून जाई, आणि माघ महिन्यात तिथे पिल्ले बाहेर खेळताना दिसत.

कुणी कोणत्या वाटेने जायचे हे एका शोधाने ठरवले होते. माणूस चिडला, घाबरला, मनात कुढला, की त्याच्या घामातून आणि श्वासातून काही सूक्ष्म द्रव्ये बाहेर पडतात. माणसाच्या नाकाला त्यांचा पत्ता लागत नाही. लांडग्याला मात्र ती दुरूनच कळतात, गाडीच्या काचा बंद असल्या तरी. शास्त्रज्ञांनी त्याला ताणगंध म्हटले होते. असली एखादी गाडी आत आली की माद्या पिल्लांना तोंडात धरून घळ बदलत. त्या धावपळीत काही पिल्ले दगावली, तेव्हा उद्यानाने नियम केला. जाणाऱ्यांनी आठवडाभर पट्टी लावायची. पट्ट्या मिळून त्या गाडीचा एक आकडा काढतील. आकडा पंचेचाळीसच्या आत असेल तरच आतली वाट. सुरुवातीला प्रत्येकाचा आकडा वेगळा कळत असे. त्यावरून घरोघरी भांडणे होऊन सगळ्यांचेच आकडे चढू लागले, म्हणून आता गाडीला मिळून एकच.

श्रीधरपंत या सहलीची तयारी दिवाळीपासून करत होते. चाळीस वर्षे ग्रंथालयात काढलेला माणूस. माळरानावरच्या प्राण्यांबद्दल मराठीत जे जे छापले गेले ते त्यांनी वाचले होते, पण जिवंत लांडगा काही पाहिला नव्हता. त्यांनी एक वही केली होती. पानापानावर एकेक प्राणी, त्याचे चित्र, पावलांचे ठसे, सवयी. गाडी आपली आपण चालणारी. म्हणजे शाल्मलीच्या शेजारी बसून वही वाचून दाखवायला दीड तास मिळणार होता. मुलगा नोकरीसाठी मस्कतला होता, तेव्हा गाडीत चौघेच. हे सगळे त्यांनी मनात इतक्यांदा पाहिले होते की सहल जणू होऊनच गेली होती.

मग शाल्मली म्हणाली होती, “अप्पा पण येणार ना?” आणि पाचवी पट्टी मागवली गेली.

अप्पा म्हणजे मल्हारराव कोकरे, कावेरीचे वडील. निवृत्त पशुवैद्य. जन्म मेंढवाड्यावरचा, लांडगा त्यांनी पुस्तकाबाहेरच पाहिला होता, तोही मेंढरू तोंडात धरून पळताना. ते दोन गल्ल्या पलीकडे राहत आणि रोज संध्याकाळी येत. त्यांच्या चपला दाराशी वाजल्या की शाल्मली हातातले काहीही टाकून धावत सुटे. बहुतेक वेळा ते ‘काहीही’ म्हणजे श्रीधरपंतांनी हातात दिलेले पुस्तक असे.

सोमवारी दिवसभर भिंतीवरच्या पडद्यावर आकडा अडतीस होता. संध्याकाळी सातला तो सत्तावन्न झाला.

“आजोबा, लांडग्याचं पिल्लू डोळे कधी उघडतं?” शाल्मलीने विचारले होते.

श्रीधरपंतांना उत्तर माहीत होते. पण दहाव्या दिवशी की बाराव्या, यावर दोन पुस्तकांत मतभेद होता, आणि त्यांनी सांगण्यापूर्वी घसा साफ केला.

“दहा-बारा दिसांनी,” मल्हारराव दारातूनच म्हणाले. “आणि उघडतं तेव्हा डोळा निळा असतो. तुझ्या आजोबांच्या शाईसारखा.” मग त्यांनी मांडी घालून असे काही पिल्लासारखे केकाटून दाखवले की पोरगी गडाबडा लोळली. वसुधाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

श्रीधरपंतही हसले. पडद्यावरचा आकडा चढत होता.

मंगळवारी तेच. बुधवारी त्यांनी एक प्रयोग केला. मल्हारराव गोष्ट सांगत असताना ते न्हाणीघरात गेले, पट्टी अलगद सोडवली आणि खिडकीत ठेवली. पट्टी काढली की दहा मिनिटांत त्या माणसाला वगळून आकडा पुन्हा मांडला जाई. ते बाहेर आले, बाही मनगटावर ओढून खुर्चीत बसले. आकडा सदतीसवर आला. कावेरीने टाळी वाजवली. श्रीधरपंत पुन्हा आत गेले आणि पट्टी जागच्या जागी चिकटवली.

म्हणजे संशयाला जागा उरली नव्हती. त्यांना स्वतःविषयी आजवर पुष्कळ शंका होत्या, पण आपल्याला कुणाचा हेवा वाटतो ही त्यांत नव्हती. हेवा करायला अंगात धमक लागते, असा त्यांचा समज होता.

गुरुवारी संध्याकाळी आकडा साठावर गेला.

“आम्ही तिघी बायका तर नाही,” वसुधाबाई म्हणाल्या. “तुम्ही दोघे काय खलबतं करता मनातल्या मनात?”

मल्हाररावांनी खिशातून चंची काढून तंबाखू मळायला घेतली होती. श्रीधरपंतांचे लक्ष त्या अंगठ्याकडे गेले.

“तंबाखूने वाढतो ताणगंध,” ते म्हणाले. “वाचलंय मी.”

त्यांनी वाचले नव्हते. चाळीस वर्षांत हजारो लोकांना त्यांनी संदर्भ काढून दिले होते, आणि एकदाही नसलेल्या पुस्तकाचा हवाला दिला नव्हता.

मल्हाररावांचा अंगठा थांबला. त्यांनी श्रीधरपंतांकडे पाहिले, जरा जास्तच वेळ.

“तुम्ही वाचलंय म्हणजे असणार,” ते म्हणाले. “मग मी राहतो मागं. पोरीला पिल्लं दिसू दे. मी पाहिलेत पुष्कळ.” त्यांनी पट्टी सोलून काढली आणि चहाच्या बशीत ठेवली. “तेवढी सुपारी आहे का, वहिनी?”

“अप्पा, तंबाखू सोडा ना रविवारपर्यंत,” कावेरी म्हणाली.

“पन्नास वर्षांची सोबत आहे. आता तीन दिसांसाठी कशाला दुखवू तिला?”

शुक्रवारी ते आले नाहीत. आकडा पस्तीसवर गेला. आता तर सगळ्यांचीच खात्री पटली. वसुधाबाईंनी “वाचलेलं कधीतरी उपयोगी पडतं बाई” अशी पावतीही दिली. श्रीधरपंतांनी वही काढून शाल्मलीला तरसाचे पान वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले, मधे एकही प्रश्न विचारला नाही. तिचा शहाणपणा पाहून त्यांना भरून आले. खोटे बोलूनही माणसाला इतकी शांत झोप लागते, हे त्यांना पंचाहत्तराव्या वर्षी कळले.

शनिवारी सकाळी आकडा त्रेपन्न होता.

कावेरीने पडदा पुसून पाहिला. श्रीधरपंतांना वाटले, मनाची टोचणी उशिराने का होईना पोचली. ते मुकाट्याने न्हाणीघरात गेले, पट्टी सोडवली. दहा मिनिटांनी पाहतात तो पन्नास. टोचणीचे वजन अवघे तीन निघाले, याची पट्टी पुन्हा चिकटवताना त्यांना लाज वाटली. पण मग बाकीचे कुणाचे?

मागच्या दारी पाणी वाहत होते. शाल्मली मोरीत उकिडवी बसून साबणाने मनगट घासत होती. पट्टी बाजूच्या दगडावर. मनगट लाल झाले होते.

“काय करतेस गं?”

“वास जात नाहीये.” तिने वर पाहिले नाही. “तो माझाच आहे, आजोबा. मला लांडग्याची भीती वाटते. काल रात्रीपासून तर फारच. अप्पा असले की नाही वाटत. मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून नाव त्यांचं आलं.” मग अगदी हळू, “तुमच्या पुस्तकात भीतीचं काही लिहिलंय का?”

श्रीधरपंतांनी नळ बंद केला. तिचे मनगट धोतराच्या सोग्याने पुसले. सांगायचे वाक्य एकच होते आणि ते त्यांना तिच्यासमोर जमले नाही. चपला घालून ते बाहेर पडले.

मल्हारराव ओट्यावर बसून शेजाऱ्याच्या बोकडाच्या खुरात अडकलेला काटा काढत होते.

“बसा, श्रीधरराव. याला जरा धरा. असं, कानाशी.”

श्रीधरपंतांनी आयुष्यात पहिल्यांदा बोकडाचा कान धरला. धरूनच म्हणाले, “तंबाखूचं मी कुठे वाचलं नव्हतं. आकडा माझ्यामुळे चढत होता. तुम्ही आलात की.”

मल्हारराव चिमट्याने काटा शोधत राहिले.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“पोरीच्या बारशापासून. त्याला पट्टी कशाला लागते? जन्म जनावरांत गेला. एका दावणीला दुसरा बैल आणून बांधला की पहिला महिनाभर शिंग हलवतोच. मग पडते सवय.” काटा निघाला. तो त्यांनी उन्हात धरून पाहिला. “तुम्हाला आठ वर्षं लागली, इतकंच.”

“मग गुरुवारी बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? तुम्ही वही घेऊन बसता तेव्हा पोरीचा आवाज बदलतो, शहाण्या माणसासारखा होतो. मी आपला केकाटून दाखवणार.” त्यांनी बोकड सोडला. “जा तुम्ही. मी नसलो की आकडा खाली राहतो.”

“राहत नाही,” श्रीधरपंत म्हणाले, आणि मोरीतली गोष्ट सांगितली.

मल्हाररावांनी ती ऐकली. मग उठून हात धुतले, आणि मनगट पुढे केले. “आणलीय का पट्टी?”

ती बशीतली पट्टी श्रीधरपंतांच्या खिशात होती. घरातून निघताना कधी उचलली ते त्यांना आठवत नव्हते.

घरी येऊन त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले, दोन वाक्यांत, जमिनीकडे पाहत. वसुधाबाई म्हणाल्या, “म्हणजे गप्प बसण्याचाही वास येतो तर.” शाल्मलीने आधी आजोबांच्या आणि मग स्वतःच्या मनगटाचा वास घेऊन पाहिला.

रविवारी सकाळी सातला पाचही जण उद्यानाच्या फाटकावर होते. वही अजून पिशवीतच होती; वाटेत मल्हारराव झोपले होते आणि शाल्मली त्यांच्या खांद्यावर. फाटकावर पाटी होती, तिच्यावर शेवटचा आकडा जुळत होता. पुढच्या गाडीला बाहेरची वाट मिळाली. तिच्यातले नवरा-बायको एकमेकांकडे न पाहता निघून गेले.

पाटीवर पन्नास आले. मग एकोणपन्नास. मग सत्तेचाळीसला आकडा अडखळला.

दोन जास्त. श्रीधरपंतांनी हिशेब केला. फाटकाशी एक शेड होती, बाकडे होते. तास-दोन तास बसता आले असते. पिशवीत वही होतीच. त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

“अप्पा,” शाल्मली जागी होऊन म्हणाली, “मागे सांगितलं होतंत ना, पिल्लू डोळे कधी उघडतं? आणि मग त्याला दिसतं का लगेच?”

मल्हाररावांनी डोळे चोळले. शाल्मलीच्या डोक्यावरून पलीकडे बसलेल्या श्रीधरपंतांकडे, त्यांच्या मुठीवरच्या हाताकडे पाहिले.

“मला बाई काही आठवेना,” ते म्हणाले. “आजोबांना विचार. वहीत असेल त्यांच्या.”

श्रीधरपंतांचा हात मुठीवरून निघाला. त्यांनी वही काढली, पान उघडले. शाल्मली सरकून त्यांच्या दंडाला टेकली. त्यांना वाटले, हे सुख आहे. आठ वर्षे आपण याचीच वाट पाहिली. आणि त्याच क्षणी त्या सुखाच्या तळाशी काहीतरी बारीक टोचले. आपली जागा दुसऱ्याला सोडून देणेही या माणसाला इतके सहज जमते. हेही आपल्याला कधी जमणार नाही.

ते वाचू लागले. “डोळे उघडल्यावर लगेच स्पष्ट दिसत नाही. आधी वास कळतो...”

समोरच्या पाटीवरचा आकडा हलला. वाचता वाचता मान वर करायचा त्यांना धीर होईना. शेजारी पोरीचा श्वास संथ चालला होता. पलीकडे मल्हारराव कसलेसे गाणे गुणगुणत होते. आकडा वर चालला होता की खाली? आणि वर जात असेल, तर या वेळी ते कुणाला सांगायचे?