कात्रीबाईचं मनगट

दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीचं दार ती बाहेरून ढकलत होती आणि तो आतून. दोघांचाही एकेकच हात चालता, त्यामुळे दार मध्येच अडून बसलं.

"तुमचा कुठला?" फटीतून त्यानं विचारलं.

"उजवा. जिन्यावरून पडले. दंडाचं हाड मोडलं, नस दबली... मनगट वर उचललंच जात नाही. तुमचा?"

"डावा. मोटारसायकल. खांद्यापासून सगळाच गेलाय." तो हसला. "एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. आपल्या दोघांत मिळून एक वाजेल की!"

ती लाजली, आणि लाजल्याचा तिला रागही आला.

अपघाताआधी ती केस कापायची, तो भावाच्या बेकरीत मैदा मळायचा. बघता बघता ती 'कात्रीबाई' झाली, तो 'पाववाला', आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. पाण्याची बाटली तो गुडघ्यांत धरायचा, झाकण ती डाव्या हातानं फिरवायची. मग पहिला घोट कोणाचा, यावर भांडण!

एका सकाळी तोंड धुताना तिचं मनगट हललं. जरासंच... पण वर उचललं गेलं. ती आनंदानं ओरडणार, तेवढ्यात तिला तो आठवला. त्या दिवशी तिनं मनगटावरची पट्टी जास्तच घट्ट बांधली.

पण असं किती दिवस लपणार? व्यायाम घेणाऱ्या ताईंनी पट्टी सोडली आणि त्या ओरडल्याच, "अगं, नस जागी झाली की तुझी!"

समोरच्या बाकावरून त्यानं पाहिलं. "पार्टी पाहिजे हं, कात्रीबाई," तो म्हणाला. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

त्यानंतर तो आलाच नाही. त्याच्या नसा मानेतून मुळासकट उपटल्या गेल्या होत्या. शस्त्रक्रियेनं दुसरी नस जोडून वर्ष उलटलं, तरी नसांच्या विजेच्या तपासणीत काही उमटलं नाही. डॉक्टरांनी आता आशा सोडायला सांगितलं होतं.

ती बेकरीत गेली. भावानं नजरेनंच मागची खोली दाखवली. मैद्याच्या पोत्यांवर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"जा गं तू. तुझा हात बरा झालाय. मला कुणाच्या गळ्यात पडायचं नाही."

"मला तू आवडतोस... हात बरा होईल म्हणून नाही."

"नाहीच होणार तो."

"माहितीये."

ती आवाज न करता शेजारी टेकली. त्याच्या गळ्यातल्या झोळीतली गार, सुकलेली बोटं तिनं हळूच आपल्या मुठीत घेतली.

"गेलीस?" न वळताच त्यानं विचारलं.

"तुझा हात धरून बसलेय."

"मला स्पर्श कळत नाहीये गं... काहीच कळत नाहीये."

"मग इकडे बघ ना."

त्यानं वळून पाहिलं, आणि त्याला रडू कोसळलं.