राहिलेली बाजू

लाईट राहू दे रे, घालवू नकोस. आणि तू, तिकडे उशी घेऊन बसलेला, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही काही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझ्या रोजच्या ऊठबशीतला माणूस आहे.

बाजारामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर त्याची मालिशची खोली. लोक चेष्टेनं त्याला अंगठेबहाद्दर म्हणतात. लिहितावाचता येतं हो चांगलं, पण अंगठा असा की आखडलेली मान म्हणू नका, धरलेली कंबर म्हणू नका, काही त्याच्यापुढे टिकत नाही. गडी बढाया मारायचा, "तोंड झाका, नुसती पाठ दाखवा. कुणाची ते हात लावून सांगतो." आणि सांगायचाही, हे कबूल करायला हवं.

पण हा शिकला कुणाच्या पाठीवर? थोरल्या भावाच्या. आईबाप लवकर गेले. दादानं गोदामात पोती वाहून याला वाढवला, आणि कामावरून आला की याच्यापुढे पालथा पडायचा. "चुकायचं ते माझ्यावरच चुक," म्हणायचा. एकदा यानं शेकाची पिशवी इतकी तापवली की दादाच्या कमरेवरचं कातडं सोललं. वाटीएवढा डाग कायमचा राहिला. दादानं हूं की चूं केलं नाही.

पुढे धाकट्याचं नाव झालं आणि दादाचा उजवा खांदा आखडला. हात डोक्यापर्यंत जाईना. बिचारा संध्याकाळी येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायचा.

"अरे, जरा बघ ना. शर्ट घालायलासुद्धा तुझी वहिनी लागते."

"दादा, दिवसभर चोळून माझेच हात गळून गेलेत. उद्या बघू."

घरचाच माणूस, जातोय कुठे! असे किती उद्या गेले ते त्या दोघांनाच ठाऊक. मग एका सकाळी गोदामाच्या जिन्यावर दादाचा पाय सटकला. कठडा उजवीकडे होता. हात वर गेलाच नाही.

वहिनी रडली नाही. दादाला घरी आणून निजवलं होतं, तिथे सगळ्यांसमोर म्हणाली, "भावोजी, आता करा की मालिश. आता त्यांना कुठे घाई आहे?" मी तिथेच उभा होतो. मान वर करायची माझीही हिंमत झाली नाही.

त्यानंतर महिन्याभरानं, डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्री जेवता जेवता याला आठवलं, शेकाच्या पिशवीचं बटण चालूच राहिलं. उठला, चपला अडकवल्या, गेला. साडेदहा झाले असतील. जिना चढून बघतो तर दाराला कुलूप नाही. म्हणाला, हल्ली आपलं लक्षच ठिकाणावर नाही.

बटण बंद केलं, वळला, तर टेबलावर एक माणूस पालथा पडलेला. कमरेपर्यंत चादर. तोंड टेबलाला श्वास घेण्यासाठी ठेवलेल्या भोकात.

"अहो, ही काय यायची वेळ?"

दुपारी वेळ घेऊन न आलेला कुणी असेल. हा चिडला, पण परक्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जीभ रेटेना. तिथे बरी रेटेना! तेल कोमट केलं, बाह्या सारल्या. उजवा खांदा दुखरा, हे बघूनच कळत होतं. त्याची पद्धत अशी, की आधी न दुखणारी बाजू मोकळी करायची, म्हणजे शरीराला भरवसा येतो. दुखरी नंतर. म्हणून डावीकडून सुरुवात केली.

पाठ गार होती. थंडीचे दिवस, त्याला वाटलं. पण ओळखू येईना. कुणाची म्हणावी?

"ओझी उचलता का हो?"

यानं डाव्या पात्याखाली अंगठा रुतवला.

"फार दिवस अंगावर काढलंत. घरात कुणी चोळून देणारं नाही?"

मग टेबलाखालून, भोकातून, आवाज आला.

"आहे की... त्याला वेळ नसतो."

हात थांबले.

चादर जरा घसरली होती. कमरेवर डाग. वाटीएवढा.

पाठ हलत नव्हती. श्वास... श्वासच नव्हता.

"डावी झाली," आवाज म्हणाला. "आता ती बाजू... तेवढी करतोस?"

...

एवढंच. ना शिवी, ना शाप. जन्मभर ज्यानं दुसरं काही मागितलं नाही, त्यानं मेल्यावर येऊन तोच एक खांदा मागितला. आणि हा पळाला! अनवाणी, जिन्यावरून, धडपडत. मला सांगताना म्हणाला, "भीती वाटली हो." मी म्हटलं, मेल्या, भाजलं तेव्हा तो पळाला होता का?

सकाळी गेला तर टेबल रिकामं. फोमच्या गादीत पालथ्या माणसाचा खळगा पडलेला. डावी बाजू दुपारपर्यंत भरून आली. उजवा खांदा रुतला होता तेवढी जागा तशीच राहिली. गादी बदलली. दुसऱ्या दिवशी नव्या गादीतही तेच. आता रोज गिऱ्हाइकं गेली की तेल कोमट करून तिथे उभा राहतो. "दादा, ये ना रे," म्हणतो. कोण येतंय!

परवा मी गुडघा दाखवायला गेलो, तर मला खाली सतरंजीवर निजवलं. त्या टेबलावर कुणालाच निजवत नाही. निघताना त्याची पाठ वळलेली बघून मी त्या खळग्यात हात घातला. फोम आहे, मऊच लागणार ना?

अंगठ्याखाली गाठ लागली. टणक... आखडलेल्या खांद्यात असते तशी.