नऊ इंचांचा उंबरा

घरात जुन्या वस्तू आणायचं खूळ उर्वशीच्या डोक्यात मोबाइलमधून शिरलं. यवतमाळला आर्णी रोडच्या लेआउटमध्ये आम्ही घर बांधलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. मी बांधकाम अभियंता आहे, त्यामुळे एकेक वीट माझ्या डोळ्यांसमोर लागलेली. आणि बायकोला त्या घरात 'जीव' दिसेना. आधी चिनी मातीच्या बरण्या आल्या. मग पितळेचं घंगाळ आलं आणि त्यात मनीप्लांट लागला. मग एक जातं आलं. ते दिवाणखान्यात मधोमध मांडून, वर गोल काच ठेवून, त्याला टीपॉय म्हणायचं ठरलं. त्याच्यावर माझ्या पायाची करंगळी तीनदा ठेचली, पण तक्रार कुणाकडे करणार?

माझी आई इंदूबाई तेव्हा बाभुळगावकडच्या आमच्या गावी, धाकट्या भावाकडे, धम्मरत्नकडे होती. जात्याचा फोटो पाहून ती फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. "जे फेकाले माहा जन्म गेला, ते तुम्ही काचंखाली ठेवलं?" म्हणाली. मलाही हसू आलं. उर्वशीला नाही आलं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये यवतमाळला व्हायचं होतं आणि त्यानंतर ती कायमची आमच्याकडे राहणार होती. हे घर मी खरं तर तिच्यासाठीच बांधलं. जिनिंगमध्ये कापसाच्या धुरळ्यात उभं राहून तिनं मला अभियंता केलं. मागच्या बाजूची खोली तिची होती. तिच्या खिडकीत सकाळचं ऊन यायचं आणि न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते. रंगही तिनंच निवडला होता. तिचं येणं हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा कार्यक्रम होता.

त्याआधी फेब्रुवारीत आम्ही पुसदला गेलो. तिथे गुलाम नबी म्हणून एक व्यापारी पाडलेल्या घरांचं लाकूड विकतात. आम्ही गेलो होतो झोपाळा बघायला. उर्वशी उभी राहिली एका दारापुढे. जुनं सागवान, जाड फळ्या, पितळेच्या फुल्या, कोरीव चौकट. मी टेप काढला. उंची पाच फूट दोन इंच. उंबरा नऊ इंच. मी म्हटलं, या दारातून शाळकरी पोर तेवढं ताठ मानेनं जाईल. कोणत्या गावचं आहे, असंही मी विचारलं.

"चार गावचं लाकूड एका ट्रकात येते साहेब," गुलाम नबी म्हणाले. "पन असा सागवान आता नाही भेटत."

मी नाही म्हणालो. माझ्या 'नाही'ला घरात जेवढा मान आहे, तेवढाच इथेही मिळाला. माझं सात फुटी, सरळ, शहाणं दार निघालं आणि त्या जागी ते बुटकं प्रकरण बसलं.

बसवायला देवीलाल मिस्त्री होता. चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध एक चौकोन फिक्कट होता. तिथली गणपतीची कोरीव पाटी कुणीतरी आधीच काढून नेली होती. उंबऱ्याच्या सांध्यांत कुंकू बसलेलं होतं. आम्ही बौद्ध. आईला हे आवडायचं नाही म्हणून मी देवीलालकडून ते घासून घेतलं. घासता घासता तो थांबला आणि म्हणाला, उंबरा आतल्या अंगानंच झिजला आहे, बाहेरची कड कोरी आहे. मी वाकून पाहिलं. खरंच होतं. बाहेरच्या कडेवर रंध्याच्या रेघासुद्धा शाबूत होत्या. मी म्हटलं, उलटा बसला असेल. पुढचं कर.

आठवडाभरातच मला वैताग यायला लागला. गॅसवाला सिलिंडर ओसरीत ठेवून गेला. नेहमी तो स्वयंपाकघरापर्यंत यायचा. वॉशिंग मशीनचा मेकॅनिक बाहेरूनच लक्षणं विचारत बसला. डॉक्टर आहे का हा? उर्वशीच्या शाळेतल्या नुजहत मॅडम डबा घेऊन आल्या आणि ओसरीच्या पायरीवर, उन्हात, अर्धा तास बोलून गेल्या. मग धम्मरत्न आला, माझा सख्खा भाऊ. गावाकडची तुरीची डाळ खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलत राहिला. मी म्हटलं, "आत ये ना." तो म्हणाला, "येतो." आणि आला नाही. बोलत बोलत पाच वाजले आणि त्याच्या एसटीची वेळ झाली.

मी याचा विचार केला, कारण विचार करण्याचाच मला पगार मिळतो. उंबरा उंच, चौकट बुटकी. नवखा माणूस थबकणारच. मी बाहेर एक लाकडी पायरी करून घेतली. तिच्यावर कुणी पाय ठेवला नाही. समोरचे देशमुख काका मात्र पेपर मागायला आले ते सरळ आत. चौऱ्याहत्तर वय, दोन्ही गुडघे गेलेले, घरातल्या सपाट फरशीवरसुद्धा भिंत धरून चालतात. त्या दिवशी त्यांनी खाली पाहिलं नाही, वर पाहिलं नाही. मान लवली, पाय उचलला आणि ते माझ्या खुर्चीत येऊन बसले.

मग मी एका कागदावर यादी केली. सरळ आत आलेले एकीकडे, बाहेर थांबलेले दुसरीकडे. सगळी नावं ओळखीची, आडनावांसकट. यादी पूर्ण झाली आणि तिच्यातला हिशेब मला कळला. आमच्या आजोबांच्या काळी वाड्याच्या अशा दारातून कोण आत जायचं आणि कोण नाही, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. मला माझीच लाज वाटली. एकविसाव्या शतकात शिकलासवरलेला माणूस असला विचार करतो? कागद फाडून टाकला.

याच दिवसांत आणखी एक झालं. आमची आमू सात वर्षांची आहे. दारात कुणी आलं की मी खुर्चीतूनच "कोण आहे?" म्हणायचो. ती एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही असं काहून बोलता? जाड?" मी म्हटलं सर्दी आहे. सर्दी नव्हती. आणि उर्वशी, जी एरवी येणाऱ्याचा हात धरून आत ओढायची, ती आता कुणाला 'या'सुद्धा म्हणत नव्हती. मी विचारलं तर तडकली. "यायचं असतं तर आले असते."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आईचं ऑपरेशन झालं. दुपारी मी तिला ऑटोनं घरी आणलं. काळा चष्मा, डोळ्यावर पट्टी, तोंड अखंड चालू. फाटकातून येताना ती आमूला कापसाचं काहीतरी सांगत होती. ओसरी चढली. दारापाशी आली आणि बोलायची थांबली.

"चल," मी म्हणालो.

तिनं पाय उचलला आणि होता तिथेच ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मी तिचा दंड धरून आत पाय टाकला आणि ओढलं. उंबऱ्यावर माझी पकड सुटली. घाम असेल म्हणून हात पुसून पुन्हा धरला. पुन्हा सुटली.

मला वाटलं, हिला कुंकवाचा, गणपतीचा राग आहे. मी मोठमोठ्यानं सांगायला लागलो की सगळं घासून काढलंय, आत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो समोरच लावलाय.

"देवाचं नाही बाबू."

"मग कशाचं?"

"मले नाही माहीत. पाय उचलत नाही."

मी म्हटलं, मागच्या दारानं चल, तुझी खोली तिकडेच आहे. तेव्हा ती पहिल्यांदा चिडली.

"लेकाच्या घरात मी मागून काहून येऊ?"

मी तिचा हात सोडला. ओसरीत खाट टाकली. म्हातारं माणूस आहे, दोन दिवसांत सवय होईल, असं मी उर्वशीला सांगितलं. दर तीन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे होते, धूळ टाळायची होती, आणि समोर आर्णी रोडवरून दिवसभर ट्रक जात होते. चौथ्या दिवशी डोळा लाल झाला. डॉक्टर माझ्यावर संतापले. बाहेर ठेवता का पेशंटला, दृष्टी गेली तर मला विचारायला येऊ नका, म्हणाले. मी अभियंता आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. स्वतःच्या आईला घरात घेता येत नाही, असला अभियंता.

घरी येऊन मी देवीलालला फोन केला. म्हटलं, रविवारी सकाळी ये आणि ते दार काढ.  उर्वशीही थकली होती. तिनं गुलाम नबींना फोन करून गाडी मागवली.

अकरापर्यंत चौकट निघाली. उंबराही निघाला. गाडी सगळं लाकूड घेऊन पुसदच्या रस्त्याला लागली. आता तिथे दार नव्हतं, उंबरा नव्हता, नुसतं भिंतीतलं भोक होतं. कडेला माझ्या विटा दिसत होत्या, माझं सिमेंट. आत आणि बाहेर एकाच पातळीची फरशी. बैलगाडी आत गेली असती.

"चल आई," मी म्हणालो. "झालं. काही नाही राहिलं."

ती खाटेवरून उठली. भोकापर्यंत आली आणि थांबली.

मी संतापलो. नको ते बोललो. तुझ्यासाठी घर बांधलं, तुझ्यासाठी मोडलं, आता काय माझा जीव घेणार आहेस? काय दिसतंय तुला इथे, दाखव मला. देवीलाल हत्यारं गोळा करता करता थांबला आणि दुसरीकडे बघायला लागला.

 आई पाय उचलत होती, ठेवत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. मग ती ओसरीतच खाली बसली.

"पाणी दे," म्हणाली.

मी आत गेलो. माझा राग उतरला होता, नुसती कीव येत होती. ग्लास ओट्यावर धुऊन ठेवले होते. उर्वशीनं शोभेला मांडलेला पितळेचा तांब्या मी घेतला आणि भरला. तोच का, ते मला आजही सांगता येत नाही.

मी आतल्या बाजूला, भिंत संपते तिथे उभा राहिलो.

आई उठली नाही. बसल्या जागी पुढे सरकली, वाकली आणि ओंजळ तोंडाला लावली.

मी तांब्या तिरका केला. तिच्या ओंजळीपासून वीतभर वर. धार बारीक, एकसारखी. तिचा एक थेंबही सांडला नाही. माझा हातही हलला नाही.

आमू माझ्या मागे येऊन उभी होती. देवीलालनं पिशवी उचलली आणि फाटकातून निघून गेला.

आईनं ओंजळ मोडली. पदरानं तोंड पुसलं. मान वर केली नाही.

"बस झालं, मालक," ती म्हणाली.

मी नुसतं "हं" म्हणालो आणि आत वळलो.